ऋण व्होल्ट आणायचे कुठून? सांगलीतील एका घरगुती व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचे प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीच्या विश्रामबाग भागात राहणारे एक निवृत्त शिक्षक आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकणारा त्यांचा पुतण्या यांनी घरीच एक स्टिरिओ व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणारा ध्वनिवर्धक, बांधायला घेतला. हाती घेतल्यापासून तो मनासारखा वाजू लागेपर्यंत चार महिने गेले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक दिवस एकाच प्रश्नाने खाल्ले. त्या प्रश्नाची ही हकीकत आहे. दोघांची नावे देत नाही. शिक्षकांना आम्ही सारे ‘सर’ म्हणतो, तेच इथे ठेवले आहे, आणि पुतण्याचा उल्लेख पुतण्या असाच केला आहे. मी या कामात सल्ला देणारा होतो आणि पहिल्या मोठ्या चुकीत माझाही वाटा आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

सरांचे बालपण मिरजेत, सतारी-तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांच्या शेजारात गेले. ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेबांचे दीर्घ वास्तव्य झाले, त्या गावात वाढलेल्या माणसाकडे किराणा घराण्याच्या तबकड्या असणारच. त्या ऐकण्यासाठी त्यांना प्रत्येक बाजूला दहा वॅटच्या आसपास शक्ती हवी होती, आणि त्यांची एक अट फार ठाम होती : सिग्नलच्या वाटेवर अगदी टाळता येणार नाहीत तेवढेच कपॅसिटर असावेत. या अटीचे पुढे काय झाले, ते यथावकाश येईल.

व्हॉल्व्ह जुने होते. भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का असलेले सात ईएल ८४ (स्पीकरला शक्ती पुरवणारे आउटपुट व्हॉल्व्ह) त्यांना गावातल्याच एका दुकानातून मिळाले होते. ऑगस्ट २०१९च्या महापुरात त्या दुकानातला खालचा माल पाण्यात गेला आणि वरच्या फळीवरचे हे सात तेवढे वाचले. चार लावायचे आणि तीन शिलकीत ठेवायचे, असा हिशेब होता. सर्किट साधे निवडले. प्रत्येक बाजूला एक ईसीसी ८१, त्यातले दोन्ही ट्रायोड एका सामाईक कॅथोडवर जोडलेले, आणि त्यांच्या दोन ॲनोडांवरून दोन ईएल ८४ना उलट-सुलट सिग्नल. ट्रायोड म्हणजे कॅथोड, ॲनोड आणि ग्रिड असे तीन भाग असलेला व्हॉल्व्ह : कॅथोड आणि ॲनोड यांच्यातला प्रवाह ग्रिडवरच्या व्होल्टांनी कमी-जास्त होतो. सिग्नल वाढवणे आणि त्याच्या दोन विरुद्ध प्रती करणे ही दोन्ही कामे एकच व्हॉल्व्ह करत असल्यामुळे मधले टप्पे उरत नाहीत, म्हणून सरांना ते पसंत पडले.

मूळ अडचण

अशा जोडीची सारी भिस्त तिच्या ‘शेपटीवर’, म्हणजे सामाईक कॅथोडपासून खाली जाणाऱ्या वाटेवर असते. इनपुट फक्त पहिल्या ग्रिडवर येते, दुसरी ग्रिड जमिनीला, म्हणजे सर्किटाच्या शून्य व्होल्टाच्या बिंदूला, बांधलेली असते. पहिल्या ट्रायोडचा प्रवाह जेवढा वाढेल तेवढाच दुसऱ्याचा कमी झाला पाहिजे, आणि हे तेव्हाच घडते जेव्हा दोघांचा एकूण प्रवाह बदलायला वावच नसतो. सरांच्या सर्किटात प्रत्येक ट्रायोडला ३ मिलिअँपिअर, म्हणजे शेपटीत ६ मिलिअँपिअर ठरले होते. ग्रिड शून्य व्होल्टावर असताना कॅथोड जेमतेम २ व्होल्ट वर राहतो. तिथून जमिनीपर्यंत साधा रेझिस्टर लावायचा म्हटले तर तो ३३० ओहमचा येतो. ४७ किलोओहमचा ॲनोड रेझिस्टर आणि ईसीसी ८१चा अंतर्गत रोध धरून हिशेब केला, तर एवढ्या आखूड शेपटीवर दुसऱ्या ट्रायोडला पहिल्याच्या जेमतेम पाव सिग्नल मिळतो. एक ईएल ८४ ओरडणार आणि दुसरा कुजबुजणार.

यावरचा जुना उपाय म्हणजे आधीच्या टप्प्याच्या ॲनोडला थेट जोडून दोन्ही ग्रिड पुष्कळ वर उचलायच्या आणि शेपटीला मोठा रेझिस्टर लावायचा. मुलार्ड या ब्रिटिश व्हॉल्व्ह कंपनीच्या १९५०च्या दशकातल्या दहा वॅटच्या प्रसिद्ध सर्किटात ईएफ ८६ या आधीच्या व्हॉल्व्हला ईसीसी ८३ची जोडी अशीच जोडली होती. पण सरांकडे आधीचा टप्पाच नव्हता. नवा उपाय म्हणजे शेपटीत स्थिरप्रवाह स्रोत बसवायचा. तो काही व्होल्टांत काम भागवतो आणि तरी सिग्नलला मेगओहमांत मोजावा असा रोध दाखवतो. सरांनी उतरवून घेतलेल्या आराखड्यात तसा स्रोत दाखवलाही होता. एलएम ३१७ (रेग्युलेटरची एक साधी चिप), त्याखाली २२० ओहमचा एक रेझिस्टर, आणि त्याखाली एक बाण. बाणाच्या टोकाशी एवढेच लिहिलेले : उणे १२ व्होल्ट.

ते उणे १२ व्होल्ट येणार कुठून, हे आराखड्यात कुठेही नव्हते. आणि हे आमच्या ध्यानात आले तेव्हा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारागिराकडून पॉवर ट्रान्सफॉर्मर गुंडाळून, वार्निश होऊन घरी आलेला होता. त्यात दोनच वाइंडिंग (तारेची वेटोळी) होती : एचटीसाठी, म्हणजे व्हॉल्व्हांच्या उच्च व्होल्टेजसाठी, २४० व्होल्टांचे आणि व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरसाठी ६.३ व्होल्ट, ४ अँपिअरचे, मध्य टॅपसह (मधोमध काढलेल्या तारेसह). फोन केल्यावर कारागीर म्हणाला, “सर, आधी बोलला असता तर चार पदर जास्त घातले असते. आता बॉबिन भरलंय, वार्निश वाळलंय. उकलायचं म्हणजे नवीनच करायचं.” त्याचे म्हणणे रास्त होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय समोरच होता. ईएल ८४च्या ग्रिडना ऋण बायस (व्हॉल्व्हचा प्रवाह आवरून धरणारे स्थिर व्होल्ट) देणारी एक लाइन ॲम्प्लिफायरमध्ये आधीपासून होती आणि मीटरवर ती उणे २२ व्होल्ट दाखवत होती. दुसरा पर्याय हीटरच्या वाइंडिंगवरून डायोड-कपॅसिटर लावून ऋण व्होल्ट काढण्याचा (डायोड प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतो). तिसरा, बाजारात कुठेही मिळणारा छोटा ट्रान्सफॉर्मर वेगळा बसवण्याचा. चौथा, ऋण पुरवठा लागूच नये अशी मांडणी बदलण्याचा : दोन्ही ग्रिड दहाएक व्होल्ट वर उचलल्या की कॅथोड बारापर्यंत जातो आणि स्रोताला जमिनीपर्यंतचीच जागा पुरते. मात्र त्यासाठी इनपुटला एक कपॅसिटर घालावा लागतो, आणि सरांच्या अटीपुढे हा पर्याय दोन मिनिटेही टिकला नाही. ६.३ व्होल्टांवर उलटा जोडलेला छोटा ट्रान्सफॉर्मर हाही एक उपाय सुचला होता. पण चार ईएल ८४ आणि दोन ईसीसी ८१ मिळून हीटरचा भार ३.६४ अँपिअर होत होता आणि ४ अँपिअरच्या वाइंडिंगवर आणखी काही टांगावे असे कोणालाच वाटले नाही.

निर्णय झाला तो एका फोनवर. पुतण्याने विचारले, “काका म्हणतायत, बायसच्या लाइनवर उणे बावीस आहेत, तिथूनच घेऊ का?” मी दुसऱ्या कामात होतो. म्हणालो, “ऋण व्होल्ट आहेत ना, मग घ्या.” किती व्होल्ट आहेत हे आम्ही तिघांनीही विचारले, आणि किती प्रवाह मिळेल हे कोणीच विचारले नाही.

पहिला प्रयत्न : बायसच्या लाइनवरून

ही बायसची लाइन कशी तयार होत होती, ते इथे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण सगळा घोळ तिथे आहे. बायससाठी वेगळे वाइंडिंग नसल्यामुळे एचटी वाइंडिंगच्या एका टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा उच्च व्होल्टेजचा कपॅसिटर जोडून, पुढे दोन डायोड लावून ऋण व्होल्ट काढलेले होते. ही पद्धत जुनी आणि चांगली आहे, पण कपॅसिटर हा इथे वाटी भरून तेल काढण्यासारखे काम करतो : दर आवर्तनाला एकच वाटी, आणि वाटीच्या मापापलीकडे थेंबही नाही. एचटीला ब्रिज रेक्टिफायर (चार डायोडांची जोडणी) असल्यामुळे वाइंडिंगचे टोक जमिनीच्या सापेक्ष शून्य ते सुमारे ३२० व्होल्ट एवढेच हलते. सेकंदाला ५० आवर्तने, ०.१ मायक्रोफॅरड, ३२० व्होल्ट : यांचा गुणाकार १.६ मिलिअँपिअर होतो. ही लाइन थेट जमिनीला टेकवली तरी यापेक्षा जास्त प्रवाह देऊ शकत नाही. बायसच्या पॉटांना (फिरवून बदलता येणाऱ्या रेझिस्टरांना) आणि रेझिस्टरांना मिळून १५ किलोओहमचा भार होता, त्यावर उणे २२ व्होल्ट उभे राहत होते, आणि ईएल ८४च्या ग्रिड प्रवाह जवळजवळ घेतच नसल्यामुळे तेवढ्यावर त्यांचे उत्तम भागत होते. तिथे आम्ही दोन बाजूंचे मिळून १२ मिलिअँपिअर मागायला निघालो होतो.

पुतण्याने काळजी घेतली नाही असे मुळीच नाही. दोन्ही एलएम ३१७ जोडल्यावर त्याने सर्व व्हॉल्व्ह काढून ठेवले, वीज दिली आणि ईएल ८४च्या ग्रिडच्या पायांवर बायस मोजला. तो योग्य होता. व्हॉल्व्ह लावण्याआधी बायस तपासावा, हा नियम त्याने अक्षरशः पाळला. पण ईसीसी ८१ जागेवर नसताना एलएम ३१७कडे वरून प्रवाहच येत नाही, म्हणजे लाइनवर भारच पडत नाही. ज्या परिस्थितीत बिघाड दिसणे शक्य नव्हते, नेमकी तीच परिस्थिती चाचणीसाठी निवडली गेली होती.

व्हॉल्व्ह लावून वीज दिली. दहा-पंधरा सेकंद काहीच झाले नाही. मग ईसीसी ८१ तापले, दोन्ही स्रोत आपापले ६ मिलिअँपिअर ओढू लागले, आणि ती लाइन उणे २२ वरून शून्याजवळ येऊन बसली. त्याच सुमारास ईएल ८४ही तापले होते. बायस गेल्यामुळे ते पूर्ण उघडे पडले. प्रत्येकाच्या कॅथोडखाली प्रवाह मोजण्यासाठी १० ओहमचा रेझिस्टर होता, त्यांतल्या एकावर लावलेला मीटर १ व्होल्टाच्या पुढे गेला, म्हणजे १०० मिलिअँपिअरच्या वर. ईएल ८४च्या प्लेटची, म्हणजे ॲनोडची, मर्यादा १२ वॅट आहे आणि ३०० व्होल्टांवर ती ४० मिलिअँपिअरला संपते. चारही प्लेटांच्या कडा लाल दिसू लागल्या तेव्हा सरांनी भिंतीवरचा खटका बंद केला. फ्यूज शाबूत होता. अशा वेळी फ्यूजवर भरवसा ठेवू नये, तो ट्रान्सफॉर्मर वाचवण्यासाठी असतो, व्हॉल्व्ह वाचवण्यासाठी नाही. चारपैकी एक ईएल ८४ यानंतर कधीच बाकीच्यांशी जुळला नाही आणि शिलकीतला एक काढावा लागला.

मी दुसऱ्या दिवशी गेलो आणि वरचा १.६ मिलिअँपिअरचा गुणाकार वहीत मांडून दाखवला. पुतण्याचा पुढचा प्रश्न चांगला होता : मग कपॅसिटरच १ मायक्रोफॅरडचा लावला तर? प्रवाह खरोखर पुरला असता. पण तशा स्थितीत एखाद्याने ईसीसी ८१ उपसून काढला, किंवा त्याचा हीटर तुटला, तर भार अचानक उतरतो आणि त्याच १५ किलोओहमवर लाइन उणे १३० व्होल्टांच्याही खाली धावते. एलएम ३१७ दोन टोकांमध्ये ४० व्होल्टच सहन करतो आणि बायसच्या फिल्टरचे कपॅसिटर ६३ व्होल्टांचे होते. झेनर (व्होल्ट एका मर्यादेत धरणारा डायोड) लावून हेही आवरता आले असते. त्या दिवशी मात्र आम्ही असे ठरवले की ज्या लाइनवर आउटपुट व्हॉल्व्हांचा जीव अवलंबून आहे, तिच्यावर दुसरे कोणतेही बिऱ्हाड ठेवायचे नाही. स्थिरप्रवाह स्रोताचा पुरवठा गेला तर आवाज बिघडेल, एवढेच. बायस गेला तर व्हॉल्व्ह जातात. या दोन वेगळ्या किमतीच्या गोष्टी एका दोरीला बांधण्यात शहाणपण नव्हते.

दुसरा प्रयत्न : हीटरच्या वाइंडिंगवरून

आता हीटरचे वाइंडिंग उरले. त्याचा मध्य टॅप गुणगुण कमी राहावी म्हणून जमिनीला जोडलेला होता, त्यामुळे प्रत्येक टोक जमिनीच्या सापेक्ष ३.१५ व्होल्टच होते. दोन टोकांना दोन डायोड लावले असते तर उणे ३.७ व्होल्ट मिळाले असते. एलएम ३१७ला आपल्या रेझिस्टरसकट साडेतीनच्या आसपास व्होल्ट लागतात आणि कॅथोडचे वरचे २ व्होल्ट मिळून जागा ५.७ होती, म्हणजे कागदावर भागत होते. पण उन्हाळ्यातल्या दुपारी वीज २०० व्होल्टांवर उतरली तर काय, हा विचार करून आम्ही एका टोकावरून ४७० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरने आणि दोन डायोडांनी दुप्पट करणारी जोडणी केली. पद्धत बायससारखीच, पण वाटी साडेचार हजारांहून जास्त पट मोठी. उणे ७ व्होल्ट मिळाले, दोन्ही स्रोत जोडल्यावरही ते टिकले. या वेळी भार लावूनच मोजले होते.

ॲम्प्लिफायर पहिल्यांदा वाजला. आणि त्याबरोबर एक कुरकुरती घरघरही वाजू लागली.

सरांनी स्पीकरला कान लावला आणि म्हणाले, “हा पांढरी पाचचा षड्ज आहे, किंचित चढा.” मला हे ऐकून मौज वाटली, पण ते बरोबर होते. १०० हर्ट्झचा स्वर पांढरी पाचच्या ९८ हर्ट्झच्या अगदी जवळ, जरासा वर येतो. अडचण एवढीच की ५० हर्ट्झचा स्वरही तोच असतो, एक सप्तक खाली. म्हणून नुसत्या सुरावरून दोष एचटीच्या फिल्टरमध्ये आहे की हीटरच्या बाजूला, हे ठरत नव्हते. आवाजाचा पोत मात्र काही सांगत होता. एचटीची गुणगुण गोल असते. ही टोकदार होती, जवारी बिघडलेल्या तारेसारखी, म्हणजे डायोड क्षणभर उघडून प्रवाहाचा झटका घेतो त्याची ती खूण होती.

इथे तिघांची तीन मते झाली. पुतण्याला वाटले की एलएम ३१७ हाच गोंगाट करतो आहे, ट्रान्झिस्टरचा स्रोत बांधावा. सरांना ईसीसी ८१वर संशय होता. मला उणे ७ व्होल्टांवर. वाद घालण्यापेक्षा मी दुकानातून ९ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या मागवल्या आणि प्रत्येक बाजूच्या स्रोताखाली हीटरवरून येणारी तार सोडवून एकेक बॅटरी जोडली. ६ मिलिअँपिअरवर अशी अल्कलाइन बॅटरी कित्येक तास सहज चालते. घरघर गेली. स्पीकरच्या टोकांवर ११ मिलिव्होल्ट होते ते १.४ झाले. व्हॉल्व्ह तेच, एलएम ३१७ तेच, फक्त पुरवठा बदललेला. एवढी स्वस्त आणि एवढी निर्णायक दुसरी चाचणी या सगळ्या प्रकरणात नव्हती, आणि ती आम्ही पहिल्या दिवशी का केली नाही याला माझ्याकडे उत्तर नाही.

मग झटका सिग्नलमध्ये शिरत होता कुठून? सोयीसाठी पुतण्याने दुप्पट करणारी जोडणी ईसीसी ८१च्या सॉकेटलाच केली होती. पाय ४ आणि ५ एकत्र, पाय ९ दुसरे टोक, तिथेच कपॅसिटर, आणि डायोडचे दुसरे टोक जवळच्या जमिनीच्या टॅगवर. तो टॅग इनपुटच्या केबलचाही होता. डायोडचा प्रत्येक झटका परतताना इनपुटच्या जमिनीच्या तारेतून ट्रान्सफॉर्मरच्या मध्य टॅपकडे जात होता, आणि त्या तारेवर पडणारे मिलिव्होल्टाचे अंश ॲम्प्लिफायर मुकाट्याने वीस पट वाढवत होता. एका बाजूने पाहता स्थिरप्रवाह स्रोत निर्दोष होता : त्याच्याखालच्या ऋण लाइनवर थोडी लहर असली तरी तो ती वर जाऊ देत नाही, आणि थोडी गेलीच तर ती दोन्ही ट्रायोडांत सारखी पोचून आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये कटते. जे शिरत होते ते शेपटीतून नव्हे, जमिनीतून.

जोडणी उचलून ट्रान्सफॉर्मरजवळ नेली आणि परतीची तार थेट मध्य टॅपला दिली. ११चे ३ मिलिव्होल्ट झाले. राहिलेले ३ बहुधा हीटरच्या लांब तारांवरून पसरत होते, कारण तो झटका आता सहाही व्हॉल्व्हांच्या हीटरच्या तारांवर स्वार होता. अनेकांनी इथे थांबून समाधान मानले असते. दिवसा, पंखा चालू असताना ते ऐकूही येत नव्हते. पण सर रात्री ऐकतात, आणि तंबोऱ्याच्या ध्वनिमुद्रणात एक जास्तीचा तंबोरा त्यांना चालणार नव्हता.

तिसरा प्रयत्न आणि अंतिम मांडणी

९-०-९ व्होल्टांचा छोटा ट्रान्सफॉर्मर सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात मिळतो. तो आणला, मध्य टॅप जमीन धरून दोन डायोड लावले, १००० मायक्रोफॅरड, मग १०० ओहम, मग पुन्हा १००० मायक्रोफॅरड. १२ मिलिअँपिअरच्या भारावर शेवटी उणे १२ व्होल्टांच्या थोडे वर मिळाले. आराखड्यातला बाण अखेर खरा झाला. पुतण्याला पुढे एलएम ३३७ लावून ही लाइन रेग्युलेट करायची होती. मी नको म्हटले. जो स्रोत स्वतःच प्रवाह पक्का धरतो, त्याच्याखालचे व्होल्ट आणखी पक्के करण्याने मिळणारे काही नव्हते आणि बिघडू शकणारा एक भाग वाढला असता. त्याला ते पटले की नाही, हे मला आजही नक्की माहीत नाही.

जास्त वेळ गेला तो हा चिमुकला ट्रान्सफॉर्मर बसवायचा कुठे यात. त्याचे चुंबकीय क्षेत्र आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरले असते तर आम्ही घरघर एका दाराने घालवून दुसऱ्या दाराने आत घेतली असती. म्हणून चासीला भोक पाडण्याआधी त्याला लांब तारांवर जोडून, इनपुट बंद करून, हातात धरून फिरवले आणि हेडफोनवर ऐकत राहिलो. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या मागे, कोअर आडवा केल्यावर आवाज सर्वांत कमी आला. तिथे खूण केली आणि मगच ड्रिल चालवले. हे दिसायला खुळेपणाचे आहे, पण याला दुसरा सोपा उपाय मला ठाऊक नाही. हे करताना ३०० व्होल्ट उघडे असतात, म्हणून एक हात मागे बांधल्यासारखा खिशात ठेवायचा, हा सरांचा आग्रह योग्य होता.

निष्पत्ती

स्पीकरच्या टोकांवर १.५ मिलिव्होल्ट राहिले, म्हणजे बॅटरीवर मिळाले होते जवळपास तेवढेच. ईसीसी ८१च्या दोन्ही ॲनोडांवरचे सिग्नल ऑसिलोस्कोपवर एक उलटा करून एकमेकांवर ठेवले तर रेषा एकच दिसते. दोन्ही बाजूंचे शेपटीचे प्रवाह ५.७ मिलिअँपिअर आले, कारण २२० ओहमवर १.२५ व्होल्ट म्हणजे तेवढेच होतात. ठरवलेल्या ६पेक्षा ते थोडे कमी आहेत आणि त्याने काही अडत नाही. पुतण्याने पुढे एका सुट्टीत हौसेने एका बाजूचा एलएम ३१७ काढून बीसी ५४७ आणि लाल एलईडीचा स्रोत बांधला. डोळे मिटून बसलेल्या सरांना दोन बाजूंतला फरक सांगता आला नाही. दुसरी बाजू अजून एलएम ३१७वरच आहे.

शिलकीत आता दोनच ईएल ८४ आहेत.

काय वेगळे करता आले असते

ट्रान्सफॉर्मर सांगण्याआधी सर्किटातला प्रत्येक बाण कागदावर उतरवून त्याच्यापुढे व्होल्ट आणि मिलिअँपिअर असे दोन्ही आकडे लिहायला हवे होते. १२ व्होल्ट, १०० मिलिअँपिअरचे वाइंडिंग म्हणजे कारागिराच्या दृष्टीने बारीक तारेचे काही फेरे. ते आधी सांगितले असते तर या लिखाणाचा तीन चतुर्थांश भाग घडलाच नसता.

बायसच्या लाइनवर स्रोत जोडण्याआधी तिथे १.८ किलोओहमचा एक रेझिस्टर जमिनीला लावून पाहिला असता, तर २२ व्होल्टांवर १२ मिलिअँपिअर मागणारा तो भार त्या लाइनने एका क्षणात नाकारला असता. व्हॉल्व्ह लाल होण्याऐवजी मीटरचा आकडा पडला असता. पुतण्या आता कोणत्याही नव्या लाइनवर आधी असा भार टांगतो. मी फोनवर उत्तर देण्याआधी आता काय विचारतो, ते सांगायला नको.

चौथ्या पर्यायाबद्दल माझे मत बदलले आहे. तेव्हा सरांच्या अटीमुळे तो बाजूला पडला आणि मीही त्यांना भीड म्हणून फार जोर केला नाही. पण हिशेब मांडला तर तो असा होता : एचटीवरून ३३० किलोओहम आणि १२ किलोओहमचा विभाजक, त्यावर साडेदहा व्होल्ट, तिथे ४७ मायक्रोफॅरड, आणि तिथून दोन्ही ग्रिडना ४७० किलोओहम. इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा एक चांगला फिल्म कपॅसिटर. त्याची खालची मर्यादा ३.४ हर्ट्झवर येते, जिथे तबकडीच्या वाकडेपणाखेरीज काही नसते. दुसऱ्या ग्रिडलाही जमिनीकडे एक कपॅसिटर लागला असता, हा त्याचा खर्च. बदल्यात ऋण पुरवठा नाही, दुसरा ट्रान्सफॉर्मर नाही, डायोडांचे झटके नाहीत. कॅथोड साडेबारा व्होल्टांवर बसला असता आणि ईसीसी ८१च्या हीटर-कॅथोडमधल्या ९० व्होल्टांच्या मर्यादेपासून तो कितीतरी लांब राहिला असता. थंड व्हॉल्व्हवर ग्रिड काही सेकंद कॅथोडपेक्षा वर राहते खरी, पण ४७० किलोओहममधून येणारा तो प्रवाह नगण्य असतो.

हे सगळे मी सरांना नंतर दाखवले. त्यांनी वही नीट वाचली, आकडे पडताळले, आणि विचारले की ईएल ८४च्या ग्रिडांपाशी जे दोन कपॅसिटर आधीच आहेत, ते मी त्यांना पहिल्या दिवशी का मोजून दाखवले नाहीत. कारण ‘टाळता येईल तो कपॅसिटर नको’ या अटीचा तो भाग त्यांनी कधी तपासलाच नव्हता, आणि मीही त्यांना विचारले नव्हते. मिरजेतल्या त्यांच्या एका आप्तांसाठी पुतण्या सध्या असाच दुसरा ॲम्प्लिफायर बांधतो आहे. त्यात ग्रिड वर उचललेल्या आहेत, आणि इनपुटचा कपॅसिटर सरांनीच निवडून दिला आहे.